मशीनचं आहे, मशीनचंच म्हणा

"हे हाताने केलंय का?"

गेल्या दिवाळी मेळ्यात मला दिवसभरात हा प्रश्न वीसेक वेळा तरी आला असेल. न्यू जर्सीतल्या एका शाळेचा कॅफेटेरिया, एका भिंतीला फराळ, दुसऱ्या भिंतीला आकाशकंदील आणि मधे माझं टेबल. टेबलावर कापडी कोस्टर, प्रत्येकावर भरलेला मोर, मुनिया नाहीतर आसावलीची वेल. मी खरं ते सांगायचे, "नाही, घरच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर केलेत." समोरची बाई कोस्टर परत खाली ठेवायची. काही जणी तर असा ठेवायच्या, की जणू मी त्यांना फसवणारच होते आणि ऐनवेळी पकडली गेले.

दोन टेबलं सोडून तोच मोर विकला जात होता. तोच म्हणजे अगदी तोच. डिझाइनची फाइल आम्ही दोघींनी एकाच ठिकाणाहून विकत घेतलेली, तुऱ्यातल्या चुकलेल्या टाक्यासकट. तिथे पाटी होती, 'हॅन्डमेड पैठणी कोस्टर्स'. जेवायच्या सुट्टीआधी माल संपला.

आवराआवर करताना मैत्रीण म्हणाली, "अगं, तू सांगतेस कशाला? कोणी विचारलं तर नुसतं हसायचं."

त्या हसण्याला माझा विरोध आहे. आणि ज्या प्रश्नापायी हसून वेळ मारून न्यावी लागते, त्या प्रश्नालाही.

आधी पैठणीचं बघू. पैठणी हे नक्षीचं नाव नाही, विणण्याच्या पद्धतीचं आहे. येवल्याचा विणकर तयार कापडावर मोर काढत नाही. कापड विणतानाच तो रंगीत आडवे धागे एकमेकांत अडकवत मोर घडवतो, म्हणून हातमागाच्या पैठणीचा काठ उलटा करून पाहिला तरी नक्षी तशीच दिसते. माझ्या कोस्टरचं मागचं अस्तर उसवा, आत पांढऱ्या बॉबिनच्या दोऱ्याचं जंजाळ निघेल. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरच्या साड्या त्याच नावाने विकल्या जातातच. आपण इथे एडिसनमध्ये बसून त्यात चार-चार इंचांची भर घालतोय.

कोस्टरच तर आहे, कप ठेवायचा, एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण इथे वाढणाऱ्या मुलीला पैठणी हा शब्द पहिल्यांदा कपाखालच्या पॉलिस्टर दोऱ्यात भेटला, तर पुढे येवल्याच्या साडीची किंमत ऐकून ती "एवढी?" असंच विचारणार. आणि साडी राहू द्या. त्याच मेळ्यात कोपऱ्यात एक काकू बसल्या होत्या, खरोखर हाताने काश्मिरी टाक्याचे रुमाल भरून आणलेल्या. मी स्वतः ऐकलं, एक जण त्यांना म्हणाला, "तिकडे हॅन्डमेडचा सेट वीसला होता." काकूंनी काही न बोलता रुमालाची घडी घातली. नुसत्या हसण्याची किंमत ती.

आता दुसरी बाजू, 'बटण दाबलं की झालं' वाल्यांची.

रिंगमध्ये स्टॅबिलायझर ढोलकीच्या चामड्यासारखा ताणून बसवावा लागतो. तो सैल राहिला तर मोराचं अंग एकीकडे आणि बाहेरची रेघ दुसरीकडे. मशीन आधी नुसता चौकोन शिवून जागा दाखवतं. त्यावर कापसाचा थर आणि कापड ठेवायचं, टीप मारून घ्यायची, थराची कड टाक्याला अगदी भिडून कातरायची. मग नक्षी. माझ्या मशीनला सुई एकच आणि मोराला रंग सात, म्हणजे सात वेळा दोरा ओवा. मग अस्तर पालथं ठेवून कडेने शेवटची शिलाई, एका बाजूला दोन बोटांची फट सोडून. त्या फटीतून सगळं उलटवायचं, कोपरे काडीने बाहेर काढायचे, इस्त्री फिरवायची. आणि ती फट? ती मी सुई-दोऱ्याने हाताने शिवते. हवं असेल तर तेवढे दहा टाके हॅन्डमेड म्हणा.

माझ्या मोराचे टाके आठ हजारांच्या आसपास. मशीन मिनिटाला जास्तीत जास्त 650 टाके घालतं, म्हणजे हिशेबाने बारा-तेरा मिनिटांत संपायला हवं. प्रत्यक्षात दोरा तुटतो, बॉबिन नेमकी डोळा भरताना संपते, आणि एक कोस्टर चाळीस मिनिटं खातो. चारांच्या सेटला 160 मिनिटं. न्यू जर्सीत 2025 मध्ये बहुतेक नोकऱ्यांना किमान वेतन होतं ताशी 15.49 डॉलर, म्हणजे नुसती मजुरी 41 डॉलरच्या वर. एकाची नक्षी चालू असताना पुढच्याचं कापड कापून होतं, मान्य. ते वजा केलं तरी तीस सुटत नाहीत. मी सेट 24 ला विकत होते, आणि मला ऐकवलं जात होतं, "मशीनचंच आहे ना, पंधराला द्या."

हे म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक दिवसभर कॉम्प्युटरकडून काम करून घेऊन पगार घेतात. तेव्हा कोणी विचारत नाही की गुणाकार तुम्ही बोटांवर केलात का. बाईने घरात बसून केलेल्या कामाला मात्र किंमत हवी असेल, तर त्यात तिचे डोळे शिणलेले दिसले पाहिजेत. नाहीतर ती 'हौस'. आणि हौसेचे पैसे मागायचे नसतात!

निदान या राज्यात तरी मशीनच्या भरतकामाला नाक मुरडू नये. लिंकन टनेलकडे जाणाऱ्या रूट 495 वर 'एम्ब्रॉयडरी कॅपिटल ऑफ द वर्ल्ड, 1872 पासून' अशी पाटी लावलेली होती. युनियन सिटी, वेस्ट न्यूयॉर्क या भागात स्विस बनावटीची शिफ्ली मशीनं धडधडायची. शिफ्ली म्हणजे छोटी होडी, आतल्या धोट्याच्या आकारावरून पडलेलं नाव. लेस आणि बिल्ले भरून तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरं चालवली. त्या पाटीवर 'हॅन्डमेड' हा शब्द नव्हता.

शेजारच्या टेबलवालीला मी पूर्ण माफ करत नाही, पण तिने गिऱ्हाइकाला जे ऐकायचं होतं तेच लिहिलं, हेही खरं. मंडळांनी स्टॉलच्या अर्जात एक ओळ वाढवावी: हाताने, मशीनवर, की विकत आणून. पाटीवर तेच लिहिणं सक्तीचं. एवढं करायला कार्यकारिणीची बैठकसुद्धा लागू नये.

यंदा माझ्या चिठ्ठीवर असेल, 'मशीन-भरतकाम. पैठणीवरून घेतलेली नक्षी, पैठणी नव्हे.' सेट 36 डॉलर. मशीनही टेबलावर घेऊन येणार आहे. ज्यांना घासाघीस करायची असेल त्यांच्यासाठी शेजारी एक खुर्ची ठेवेन. एक कोस्टर पूर्ण होईपर्यंत बसायचं, मग भाव सांगायचा.