मालदीवचे ताट आणि परतीचा रिकामा कंटेनर

मालदीवच्या राजकारणातील भारताविषयीचा सूर गेल्या दशकभरात अनेकदा बदलला. कधी जवळीक झाली, कधी दुरावा, आणि मग पुन्हा जवळीक. तेथील स्वयंपाकघरात मात्र फारसे काही बदलले नाही. सुमारे बाराशे बेटांच्या या देशात वस्ती आहे ती दोनशेच्या आसपास बेटांवर. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीची ती प्रवाळभूमी आहे. तिच्यात गहू पिकत नाही, भात पिकत नाही. मासळी आणि नारळ सोडले तर ताटातील बहुतेक सगळे समुद्रमार्गे येते. रहिवासी पाच लाखांच्या थोडे वर आणि २०२४ मध्ये येऊन गेलेले पर्यटक वीस लाखांहून अधिक. एवढ्या सगळ्यांना रोज जेवू घालणे हा तेथील कोणत्याही सरकारपुढचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मुत्सद्द्यांच्या बैठकांइतकेच जहाजांच्या वेळापत्रकातही शोधावे लागते.

भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ मध्ये व्यापार करार झाला. त्याच्या आधारे अंडी, बटाटे, कांदे, तांदूळ, गव्हाचे पीठ, साखर आणि डाळ या जिन्नसांसाठी भारत दरवर्षी खास कोटा ठरवून देतो. देशात एखाद्या वस्तूची निर्यात बंद असली तरी या कोट्यापुरता दरवाजा उघडा राहतो. हा कोटा दोन्ही देशांच्या संबंधांचा तापमापकही ठरला आहे. अब्दुल्ला यामीन यांच्या कारकिर्दीत संबंध बिघडले असताना, २०१८ मध्ये, भारताने कोट्यात मोठी कपात केली. सत्तांतरानंतर तो पुन्हा वाढला.

मोहम्मद मुइझ्झू यांच्या काळात घडले ते याच्या उलट आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याविषयी अनुचित शेरेबाजी केल्याबद्दल मालदीवच्या तीन उपमंत्र्यांना निलंबित व्हावे लागले. पाठोपाठ चीनचा दौरा आटोपून परतलेल्या मुइझ्झूंनी अन्न आणि औषधांसाठी एकाच देशावर विसंबून राहणार नाही असे जाहीर केले आणि मुख्य खाद्यवस्तू तुर्कस्तानातून आणण्याचा करार पुढे केला. तरीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारताने १९८१ नंतरचा सर्वांत मोठा कोटा मंजूर केला. पावणेत्रेचाळीस कोटी अंडी, साडेएकवीस हजार टन बटाटे, पावणेछत्तीस हजार टन कांदे आणि सव्वा लाख टनांच्या आसपास तांदूळ. अंड्यांचाच हिशेब मांडला तर दर रहिवाशामागे वर्षाला आठशेहून अधिक अंडी होतात. अर्थात ही कमाल मर्यादा आहे, आणि तिच्यात पर्यटकांची न्याहारीही धरलेली आहे.

दिल्लीचा हा निर्णय शहाणपणाचा होता, आणि भूगोलाने तो आणखी शहाणा ठरवला. तुर्कस्तानातून येणाऱ्या जहाजाला सुएझ कालवा आणि तांबडा समुद्र ओलांडावा लागतो. नेमक्या त्याच महिन्यांत हुथींच्या हल्ल्यांमुळे अनेक कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती. धान्य अशी दिरंगाई सोसू शकते. टोमॅटो, पालेभाजी किंवा ताजे दूध सोसत नाही. कोची ते माले हे अंतर साधारण सातशे किलोमीटर, म्हणजे दीड-दोन दिवसांची वाट. नाशवंत मालाच्या बाबतीत शेजार हा पर्याय उरत नाही, ती गरज असते.

तरीही कोटा म्हणजे फक्त परवानगी. परवान्याच्या कागदावर अंडे समुद्र ओलांडत नाही. त्यासाठी लागते नियमित जहाज, आणि जहाजावर वीजपुरवठ्याची सोय असलेली जागा. शीतयंत्रणा बसवलेल्या कंटेनरला, म्हणजेच रीफरला, प्रवासभर वीज लागते; ती बंदराच्या आवारात लागते, जहाजाच्या डेकवर लागते आणि माल उतरल्यानंतरही लागते. सर्वसाधारण समज असा की रीफर माल थंड करतो. वास्तविक तो आधीच थंड केलेल्या मालाचे तापमान टिकवण्यासाठी बांधलेला असतो. उन्हात तापलेला माल आत भरला, तर यंत्र अहोरात्र फिरत राहते आणि माल आतून खराब होतो. म्हणजे साखळीची पहिली कडी बंदरात नसते, ती शेताजवळच्या शीतगृहात असते.

लहान बाजारपेठेची खरी अडचण याच्या पुढची आहे. गोठवलेले मांस किंवा मासळी उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. गाजराला शून्याच्या आसपासची थंडी मानवते. केळे १३ अंशांच्या खाली गेले की साल काळवंडते. मोठ्या देशाचा आयातदार प्रत्येक जिन्नसासाठी वेगळा कंटेनर भरतो. एखाद्या बेटावरच्या व्यापाऱ्याला मात्र प्रत्येक वस्तू थोडी थोडीच हवी असते. तो दहा जिन्नस एकाच कंटेनरमध्ये भरतो आणि सगळ्यांना जेमतेम चालेल असे तापमान लावतो. त्यात काही फळांतून निघणारा इथिलीन वायू शेजारची भाजी लवकर पिकवतो, नासवतो. या नासाडीची किंमत शेवटी ग्राहकच भरतो.

सप्टेंबर २०२० मध्ये थूथुकुडी-कोची-कुल्हुधुफुशी-माले अशी थेट मालवाहू सेवा भारताने सुरू केली, ती या अडचणीवरचा उतारा म्हणूनच. सरकारी मालकीच्या शिपिंग कॉर्पोरेशनने लावलेले जहाज दोनशे कंटेनरांचे होते आणि फेऱ्या महिन्यातून दोन ठरल्या होत्या. कुल्हुधुफुशी हे उत्तरेकडील प्रवाळद्वीपांचे बंदर असल्याने सगळा माल आधी मालेत आणून मग परत उत्तरेला नेण्याचा द्राविडी प्राणायाम टळणार होता. कल्पना उत्तमच होती. पण पंधरवड्यातून एकदा येणारे जहाज पीठ-साखरेला पुरते, पालेभाजीला पुरत नाही. फेऱ्या वाढवायच्या तर भाडे परवडले पाहिजे, आणि भाडे परवडण्यासाठी जहाजाला परतीचा माल हवा.

प्रश्नाची गाठ नेमकी इथे आहे. भारत मालदीवला जेवढा माल पाठवतो त्याच्या तुलनेत तिथून येणारा माल अगदी थोडा, आणि त्यातही मोठा वाटा भंगार धातूचा. भंगार रीफरमधून येत नाही. त्यामुळे जाताना थंडगार, भरलेला गेलेला कंटेनर येताना बहुधा रिकामा येतो आणि त्या रिकामपणाचे भाडे जाणाऱ्या अंड्या-भाज्यांवर चढते. मालदीवकडे रीफरमध्ये भरण्याजोगा उत्कृष्ट माल नाही असे मुळीच नाही. गळाने एकेक करून पकडलेला तेथील कुप्पा मासा, अर्थात ट्यूना, जगभर नावाजला जातो. पण तो गोठवून मुख्यतः थायलंडला जातो, कारण डबाबंद करण्याचे मोठे कारखाने तिथे आहेत.

म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झूंच्या दिल्लीभेटीत मंजूर झालेल्या संयुक्त दृष्टिपत्रातील काही ओळी मोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. हा धालू प्रवाळद्वीपात कृषी आर्थिक क्षेत्र, हा अलिफू प्रवाळद्वीपात मासळी प्रक्रिया व डबाबंदीचा प्रकल्प आणि मालेजवळ थिलाफुशी येथे नवे व्यापारी बंदर अशी ती कलमे आहेत. कुल्हुधुफुशी हा धालूतच येते. म्हणजे २०२० चा जहाजमार्ग आणि २०२४ चे प्रकल्प एकाच नकाशावर जुळतात. ते जुळवून घेण्यासाठी जुलै २०२५ मध्ये मोदींच्या मालेभेटीत जाहीर झालेल्या ४,८५० कोटी रुपयांच्या कर्जमर्यादेतील काही वाटा शीतगृहे आणि धक्क्यावरील वीजजोडण्यांकडे वळवता येईल. ही कामे दिसायला किरकोळ आहेत, पण दिखाऊ इमारतींपेक्षा ती अधिक काळ स्मरणात राहतील.

या सगळ्याला आपल्या बाजूचीही एक किनार आहे. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद असताना नाशिकचा शेतकरी पडलेल्या भावाने हैराण होता. त्याच वेळी मालदीवच्या कोट्याचा दरवाजा उघडा होता. देशात वर्षाला दोनशे लाख टनांहून अधिक कांदा पिकतो. त्यापुढे तो कोटा नगण्य असल्याने शेतकऱ्याला त्यातून दिलासा मिळाला नाही. शेजाऱ्याला शब्द दिला की तो पाळायचा, हे धोरण योग्यच होते. पण तीच खात्री आपल्या उत्पादकाला मिळत नाही, ही विसंगतीही नोंदवली पाहिजे.

गोमंतकीयांना तर मालदीवची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. आपली भाजी बेळगावहून येते, आणि घाटातला रस्ता अडला की पणजीच्या बाजारात त्याची झळ लगेच जाणवते. आपली मासळीही गोठवून परदेशी जाते. मुरगाव बंदराचा लौकिक मात्र आजही खनिज आणि कोळशाचा आहे. कंटेनर सेवा तिथेच टिकते, जिथे दोन्ही दिशांना माल असतो. हा नियम मालेला लागू आहे तसाच मुरगावलाही.

मालदीवशी भारताचे नाते किती पक्के आहे याची परीक्षा पुढल्या निवडणुकीतील घोषणांवरून करण्यापेक्षा मालेहून कोचीला परतणारा रीफर भरलेला आहे की रिकामा, यावरून करावी. एकतर्फी पुरवठ्यात उपकाराची भावना शिरते, आणि उपकाराचे ओझे कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्राला फार काळ पेलवत नाही. दोन्हीकडून माल येऊ-जाऊ लागला की त्याला व्यवहाराचे रूप येते, आणि मग सरकारे बदलली तरी तो मोडणे कोणालाच परवडत नाही.