काळ्या डेलियाचे कोडे

१५ जानेवारी १९४७ रोजी सकाळी अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात एक गृहिणी आपल्या लहान मुलीस घेऊन रस्त्याने चालली होती. शेजारच्या मोकळ्या जागेत तिला दुकानातील पुतळ्यासारखे काहीतरी पडलेले दिसले. तो पुतळा नव्हता. एलिझाबेथ शॉर्ट नावाच्या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणीचा तो छिन्नविच्छिन्न देह होता. वृत्तपत्रांतून तिचे ‘काळी डेलिया’ हे नाव गाजले. तिचा खुनी मात्र आजतागायत सापडलेला नाही.

या घटनेवर जेम्स एलरॉय यांनी १९८७ साली कादंबरी लिहिली. त्यांच्या स्वतःच्या आईचा १९५८ साली खून झाला होता व त्याचाही उलगडा झाला नाही. कादंबरीतील तळमळ म्हणूनच उसनी वाटत नाही. ब्रायन डी पाल्मा यांनी २००६ साली तिच्यावरून काढलेल्या ‘द ब्लॅक डेलिया’ या चित्रपटाविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

चित्रपट दिसावयास अतिशय देखणा आहे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. चित्रीकरण पुष्कळसे बल्गेरियात झाले. पण दांते फेरेत्ती यांच्या नेपथ्यामुळे १९४७ चे लॉस एंजलिस डोळ्यांपुढे उभे राहते. व्हिल्मॉश झिगमंड यांच्या छायालेखनाचे नाव ऑस्करसाठी सुचविले गेले, ते योग्यच होते. एका प्रसंगी कॅमेरा इमारतीच्या छपरावरून वर चढतो. पलीकडच्या मैदानात कुणी स्त्री किंचाळत धावताना दिसते, आणि तिची दखल न घेताच तो अलीकडच्या रस्त्यावर उतरतो. पोलिसांचे सारे लक्ष तेथील चकमकीकडे असते.

दुर्दैवाने चित्रपटाचीही तीच गत झाली आहे. मुष्टियुद्ध खेळलेले दोन पोलीस, दोघांच्या मध्ये एक स्त्री, जुना बँक-दरोडा, मृत मुलीसारखी दिसणारी श्रीमंत घराण्यातील कन्या (हे साम्य प्रस्तुत लेखकास तरी दिसले नाही!) अशा धाग्यांचा इतका गुंता होतो की खून कुणाचा झाला, याचाच विसर पडावा. शेवटी एक पात्र लांबलचक कबुली देऊन मोकळे होते. त्याचे नाव सांगून आपला रसभंग करीत नाही. परंतु जे कोडे प्रत्यक्षात सुटले नाही, ते असे घाईने सोडविलेले पाहून समाधान वाटत नाही.

हा चित्रपट मुलांना बरोबर घेऊन पाहण्याजोगा नाही. मोठ्यांनी पाहिल्यास त्यातील कृष्णधवल भाग लक्षपूर्वक पाहावा. चित्रपटात काम मिळावे म्हणून एलिझाबेथ चाचणी देत आहे, असे ते प्रसंग आहेत. ही भूमिका मिया कर्शनर यांनी केली आहे. प्रश्न विचारणारा पुरुष दिसत नाही, त्याचा उर्मट आवाज तेवढा ऐकू येतो, आणि तो आवाज स्वतः डी पाल्मा यांचा आहे. तो टोचून बोलतो, आणि ती पोर त्याला आवडावे म्हणून हसून उत्तरे देत राहते.