नाव एक, माणसे अनेक

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात ऐकलेला निबंध अजून माझ्या मनातून जात नाही. विषय होता बहिणाबाई चौधरींच्या कवितेतील स्त्रीदुःख. निबंधकर्तीने मोठ्या तन्मयतेने सांगितले, की बहिणाबाईंचा पती वयाने पुष्कळ मोठा आणि कोपिष्ट होता, पत्नीचे कीर्तनाला जाणे त्याला खपत नसे, आणि त्यापायी त्याने तिला मारझोड केली. सभागृह हेलावले. अध्यक्षांनी निबंधाचा 'अभ्यासपूर्ण' म्हणून गौरव केला. सांगितलेला प्रत्येक तपशील खरा होता. फक्त तो दुसऱ्या बाईचा होता.

ती दुसरी बाई म्हणजे सतराव्या शतकातील संत बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावात ब्राह्मण घरात जन्मलेली, तुकारामांना गुरू मानणारी, आत्मचरित्रपर अभंग लिहिणारी आणि जातिश्रेष्ठत्वाला आव्हान देणारी 'वज्रसूची' मराठीत आणणारी. आणि जिच्यावर निबंध होता ती जळगावजवळच्या असोद्याची शेतकरी बाई, 1880 साली जन्मलेली, अक्षरशत्रू, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली. शेतात आणि जात्यावर सुचलेल्या तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने टिपून ठेवल्या. तिच्या मृत्यूनंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. दोघींमध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर, जातीचे अंतर, बोलीचे अंतर. समान काय, तर नाव.

हा नुसता प्रमाद म्हणून सोडून देता येत नाही. एका स्त्रीने सोसलेला मार आपण दुसरीच्या पाठीवर उमटवला आणि दुसरीचे स्वतःचे दुःख पुसून टाकले. ज्या संशोधनाने स्त्रीचा आवाज परत मिळवून द्यायचा, त्यानेच दोन स्त्रियांना एका नावात कोंबून दोघींनाही मुके केले. आणि हे घडले साहित्याच्या प्राध्यापकांनी भरलेल्या सभागृहात, टाळ्यांच्या गजरात. त्या सभागृहात मीही होतो आणि अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत गप्प बसलो होतो, हेही नमूद करायला हवे.

मराठी अभ्यासकांना नामसाम्याची सवय नाही असे कोणी म्हणू नये. वा. ल., गो. म., द. भि. आणि कृ. पां. या आद्याक्षरांवाचून आपण आपल्याच कुलकर्ण्यांना ओळखू शकणार नाही. परंतु आद्याक्षरे तारतील हा भरवसाही फोल आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे यांचे पाहा. मराठीत एक 'वि. का.' आणि दुसरे 'वै. का.', रोमन लिपीत दोघांचीही आद्याक्षरे तीच. धाकट्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली, 1909 साली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत छापली, तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. थोरले फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक आणि वेदाचे व्यासंगी. यास्काच्या निरुक्ताची त्यांची आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1940 साली काढली. ती इतिहासाचार्यांच्या खात्यावर जमा करणाऱ्याने एवढे तरी पाहावे, की इतिहासाचार्य 1926 सालीच निवर्तले होते. पण पाहतो कोण? 'व्युत्पत्तीचा नाद दोघांनाही होता, म्हणजे एकच असणार' असा तर्क आपण करतो आणि सूचीची पुढली ओळ लिहायला घेतो.

हा झाला आळसाचा दोष. त्याच्या उलट टोकाला दुसरा दोष आहे, आणि तो अधिक घातक आहे, कारण तो विद्वत्तेचा वेष घालून येतो. तो म्हणजे पेशावरून माणूस ठरवणे. 1898-99च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात असे मांडले, की ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन भिन्न ज्ञानदेव होत. भारद्वाजांचे ऋण मान्य करायलाच हवे: भाषेतला फरक, आळंदी आणि आपेगाव येथल्या दोन समाध्या असे पुराव्याचे प्रश्न त्यांनी श्रद्धेच्या अंगणात निर्भयपणे विचारले. परंतु ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही आणि अभंगांत तो जागोजाग आहे, म्हणून कर्ते दोन, या युक्तिवादाच्या तळाशी एक गृहीत दडलेले आहे. तत्त्वज्ञ तो तत्त्वज्ञ, भक्त तो भक्त. एका देहाला एकच अर्हता.

हे गृहीत कुठे नेते ते पाहायचे असेल तर मर्ढेकरांकडे पाहा. कल्पना करा, की सातशे वर्षांनी चरित्राची सारी साधने नष्ट झाली आहेत आणि केवळ ग्रंथ उरले आहेत. 1939चे 'शिशिरागम' आणि 1947ची 'काही कविता' एकाच कवीची असे कोणता भाषाभ्यासक छातीठोकपणे सांगेल? 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिणारा मीमांसक तिसरा ठरेल आणि आकाशवाणीच्या दप्तरातला अधिकारी चौथा. चार मर्ढेकरांवर चार प्रबंध होतील. जिवंत माणूस आपल्या पदनामापेक्षा नेहमीच मोठा असतो. ही साधी गोष्ट आपण समकालीनांच्या बाबतीत मानतो आणि पूर्वसूरींच्या बाबतीत विसरतो.

मग एकत्र करणेही चूक आणि वेगळे करणेही चूक, असे माझे म्हणणे आहे काय? नाही. 'नामा' या मुद्रेचे उदाहरण घ्या. शिंपी नामदेव, ज्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि सोळाव्या शतकात महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा, हे निश्चितच दोन. तरीही गाथेत दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. नामदेवांच्या नावावरील अभंगांची भाषा अर्वाचीन वाटते म्हणून डॉ. रा. गो. भांडारकरांसारख्या पंडिताने नामदेवांनाच ज्ञानदेवांच्या सुमारे शतकभर अलीकडे ओढले. गाथेतला घोळ सोडवण्याऐवजी माणसाचा काळच हलला! येथे दोन नाम्यांना वेगळे केलेच पाहिजे. पण का? एक शिंपी होता आणि शिंप्याला महाभारत झेपणार नाही म्हणून नव्हे. तर काळ वेगळा, भाषेची अवस्था वेगळी, हस्तलिखितांची परंपरा वेगळी म्हणून. निष्कर्ष तोच असला तरी कारण कोणते, यावर संशोधन आणि पूर्वग्रह यांतला फरक ठरतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला नव्या समीक्षेच्या शिष्यांचा: संहिता पाहा, कर्ता कशाला? उत्तर असे, की संहितेतला शब्द कोणत्या शतकातला, कोणत्या मुलखातला हे ठाऊक नसेल तर तुम्ही संहिता तरी काय वाचणार? विसाव्या शतकातली खानदेशी बोली सतराव्या शतकातील अभंगभाषा म्हणून वाचणारा संहितानिष्ठ नसतो. तो नुसता बहिरा असतो. दुसरा आक्षेप परंपरेचा: नाममुद्रा ही मालकीची खूण नव्हे, ती नम्रता आहे, नंतरच्याने पूर्वीच्याच्या नावात स्वतःला विसर्जित केले तर तुम्ही त्याला ओढून बाहेर का काढता? हा आक्षेप मला अधिक आदरणीय वाटतो. कीर्तनात दोन नाम्यांचे अभंग शेजारी गायले जावेत. तेथे माझी तक्रार नाही. पण विद्यापीठाचा वर्ग म्हणजे कीर्तन नव्हे. तेथे आपण विद्यार्थ्याला गुण देतो, पदवी देतो, आणि त्या पदवीच्या बळावर तो पुढच्या पिढीला शिकवतो.

माझी मागणी म्हणूनच अगदी रुक्ष आहे. प्रबंधात वा निबंधात लेखकाचे नाव पहिल्यांदा येईल तेथे पूर्ण नाव, काळ, गाव आणि वापरलेली आवृत्ती यावी. प्राचीन कवी असेल तर पाठ कोणत्या परंपरेतला, हे यावे. 'संत', 'इतिहासाचार्य', 'निरक्षर कवयित्री' ही बिरुदे ओळखीपुरती वापरावीत, निवाड्यासाठी नव्हे. आणि मार्गदर्शकाने सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: हा तोच कशावरून?

2018 सालापासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. जिला अक्षर ओळखता येत नव्हते, तिच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात. अर्हतेच्या आपल्या साऱ्या कल्पनांना एवढे सुंदर उत्तर कोणी दिले नसेल. निदान ती बाई कोण, एवढे तरी आपल्या पदवीधरांना नीट सांगता यावे.