अंगणातील सोबती : पिंजऱ्यातून आलेल्या कोंबड्या

खकनारहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, कुक्कुटपालन केंद्राने अंडी देण्याचे वय सरले म्हणून विकून टाकलेल्या चार कोंबड्या चिरंजीवांनी व्यापाऱ्याच्या गाडीवरून सोडवून घरी आणल्या. परंतु अंगण मोकळे असूनही त्या कोपऱ्यात एकमेकींना बिलगून बसल्या आणि दुसऱ्याच दिवशी एक दगावली. ही दया झाली की छळ, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

ह्या कोंबडीचे पूर्वायुष्य आधी जाणून घ्यावे. टंकलेखनाच्या कागदाएवढीही जागा सहसा तिच्या वाट्याला आलेली नसते. पायांखाली तारेची जाळी, डोक्यावर सोळा-सोळा तासांचा उजेड, आणि समोर पन्हळीतून येणारे तयार खाद्य. बहुधा पिलूपणीच चोचीचे टोक कापलेले. अशा स्थितीत सुमारे बहात्तर ते ऐंशी आठवड्यांची होईपर्यंत ती अंडी देते आणि मग विकली जाते. माती, ऊन, वारा हे तिने पाहिलेलेच नसतात. तेव्हा मोकळे अंगण तिला प्रथम भयप्रदच वाटणार.

दुसरी गोष्ट हाडांची. एका अंड्याच्या कवचास सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यातून ते पुरेसे न मिळाल्यास शरीर ते हाडांतून काढून घेते. त्यात हालचाल नाही, म्हणून हाडे ठिसूळ होतात. बाजारात कोंबड्या पाय धरून उलट्या लोंबकळत नेतात, तसे हिला कदापि धरू नये. दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलावे. बसावयाची काठीही पहिले काही आठवडे जमिनीपासून वीतभरच उंच असावी.

कोंबड्या शक्यतो संध्याकाळी आणाव्यात व सरळ शांत, अंधाऱ्या खुराड्यात ठेवाव्यात. खाण्याआधी पाणी. पिंजऱ्यात बहुधा नळीच्या टोकाला टोचून पाणी मिळते. त्यामुळे समोरचे परळ पाण्याने भरलेले आहे हे कित्येक कोंबड्यांना उमगतच नाही. प्रत्येकीच्या चोचीचे टोक हलकेच पाण्यात बुडवून दाखवावे. आपली कोंबडी कशाने गेली हे येथून सांगता येणार नाही. परंतु पाणी शेजारी असूनही तहानेने जीव जाणे ह्या जातीत अशक्य नाही.

पहिले दोन आठवडे पूर्वीचेच तयार खाद्य द्यावे. नंतर हळूहळू ज्वारी, तांदळाची कणी, पालेभाजी मिसळावी. चोच कापलेली असल्याने जमिनीवर फेकलेले दाणे तिला नीट टिपता येत नाहीत. ते खोलगट भांड्यात ठेवावेत. शिंपल्यांचा चुरा निराळ्या वाटीत असावा. आठवडाभर खुराड्यातच ठेवले म्हणजे ते घर तिच्या ओळखीचे होते. नंतर सूर्यास्तापूर्वी तासभर बाहेर सोडावे व अंधार पडताच हाताने आत ठेवावे. चार-सहा दिवसांत ती आपण होऊन परतू लागते. खुराड्याचे दार रात्री पक्के लावावे. मुंगूस व रानमांजर ह्यांपासून पळण्याचे बळ तिच्या पायांत अजून आलेले नसते.

पिसे झडलेल्या उघड्या कातडीला ऊन भाजते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. सावली, मातीच्या भांड्यातील गार पाणी आणि खुराड्याभोवती ओले गोणपाट एवढे तरी हवेच.

घरी गावरान कोंबड्या असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे अगदी वेगळे ठेवावे. मानमोडीसारखा रोग एका पाहुणीकडून सगळ्या आळीत पसरतो. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला व मार्चमध्ये आपल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही मारून टाकाव्या लागल्या होत्या. एकदम अनेक पक्षी मरू लागले तर त्यांना गुपचूप पुरू नये. पशुवैद्यकीय रुग्णालयास कळवावे. वेगळेपणाची मुदत संपल्यावर काही दिवस जाळीतून एकमेकींना पाहू द्यावे, मगच एकत्र सोडावे. थोडी टोचाटोची होणारच. रक्त निघाले तर मात्र जखमी कोंबडीला बाजूला घ्यावे.

आता दयेविषयी. उजेडाचे तास कमी झाले, पिसे गळू लागली की अंडी आठवडेच्या आठवडे बंद होतात. काही कोंबड्या लवकरच मरतात, काही वर्ष-दोन वर्षे सुखाने जगतात. अंडे न देणाऱ्या जिवाला दाणा घालण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनी हा भार घेऊच नये. ज्या कोरकू किंवा भिलाला घरात कोंबडी म्हणजे आठवडी बाजाराची शिल्लक असते, तेथे हिशेब निराळा. त्यास कोणी नावे ठेवू नयेत.

शिवाय चार कोंबड्या सोडवल्याने पिंजरा नाहीसा होत नाही, हेही खरे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच अपराध आहे, आणि 2017 मध्ये विधी आयोगाने ह्या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला. युरोपीय संघात जुन्या पद्धतीचे उघडेबोडके पिंजरे 2012 पासून बंद झाले. आपल्याकडे हे काम अजून व्हावयाचे आहे. ते होईपर्यंत उरलेल्या तिघींचे जे करता येईल ते करणे, ह्यास छळ म्हणता येणार नाही.

सावलीत एका उथळ खड्ड्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीची राख मिसळून ठेवावी. बहुधा काही दिवसांतच त्यांतली एखादी कोणी न शिकवता त्यात अंग टाकील, एक पंख पसरून धूळ उडवील आणि डोळे मिटून पडून राहील. घाबरू नये, ती आजारी नाही, ती न्हात आहे.