अमेरिकेत आखूड कार्बाइनवरचा कर गेला, नियम तसेच! व्हिसावर असाल तर हे वाचाच

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत एक जुना कर शून्यावर आलाय. आखूड नळीच्या रायफलची नोंदणी करताना १९३४ पासून २०० डॉलर भरावे लागत. ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी सही केलेल्या कायद्याने ती रक्कम शून्य केली. याचा थेट फायदा होतो तो 'पिस्टल-कॅलिबर कार्बाइन' वापरणाऱ्यांना. पण कर गेला म्हणजे सगळं मोकळं झालं, असं समजू नका.

ही कार्बाइन म्हणजे नेमकं काय?

गोळी पिस्तुलाची, ठेवण रायफलची. बहुतेक मॉडेल ९ मिमीची. दस्ता खांद्याला टेकतो, त्यामुळे नेम स्थिर राहतो आणि नवख्यालाही सोपं जातं. ९ मिमीच्या गोळ्या रायफलच्या गोळ्यांपेक्षा स्वस्त पडतात. रुगरच्या कार्बाइनमध्ये तर ग्लॉक पिस्तुलाचं मॅगझिनही बसवता येतं.

आपल्याकडे पोलिसांच्या हातात दिसणारी कार्बाइन सलग गोळ्या झाडू शकते. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारी ही कार्बाइन एकदा घोडा दाबला की एकच गोळी सोडते. भारतात ९ मिमी हे 'प्रतिबंधित बोअर' आहे, त्यामुळे सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही.

१६ इंचांचा नियम कुठून आला?

खांद्याला टेकवायच्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी असेल तर केंद्राकडे नोंदणी सक्तीची. तीच बंदूक मुळातच दस्त्याविना पिस्तूल म्हणून बनवली असेल, तर नळी कितीही आखूड चालते!

हे विचित्र वाटतं, पण त्याला इतिहास आहे. १९३४ च्या मूळ विधेयकात पिस्तुलांवरही निर्बंध होते. लोक रायफल कापून पिस्तुलासारखी वापरतील, म्हणून नळीची अट आली. पुढे विरोधामुळे पिस्तुलं विधेयकातून वगळली गेली, नळीची अट मात्र राहिली.

आज कर शून्य असला तरी अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि मंजुरी हे सगळं लागतंच. नोंदणी न करता आखूड रायफल बाळगली तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर नाही तर नोंदणी कशाला, हा वाद आता न्यायालयात आहे. शिवाय न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांचे स्वतःचे कडक नियम आहेतच.

व्हिसावर असलेल्यांचं काय?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी खरा धोका इथे आहे. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला साधारणपणे मनाई आहे. मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची कार्बाइन घटकाभर हातात घेतली, तरी ते 'बाळगणं' ठरू शकतं. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. व्हिसाधारकांसाठी मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना.

हा धोका कागदावरचा नाही. फ्लोरिडात विद्यार्थी व्हिसावर आलेल्या एका तरुणाचं कॉलेज सुटलं आणि अमेरिकेत राहण्याचा हक्कही गेला. त्यानंतर तो रेंजवर गेला आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. आपल्या बेकायदा वास्तव्याची आरोपीला कल्पना होती, हे सरकारला सिद्ध करावं लागेल, असं न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं. पण रेंजवर थोडा वेळ बंदूक हाताळणं चालतं, असं मात्र म्हटलं नाही.

२०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वरून १५ वर्षं झालीय. वर देशाबाहेर काढलं जाण्याची शक्यता वेगळीच.

तेव्हा रेंजवरचा फॉर्म न वाचता सही करू नका. काउंटरवर कुणी व्हिसा विचारला नाही, म्हणून कायद्याने परवानगी दिली असं होत नाही. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, रील नंतरही काढता येईल.