बार सापडतो, मीटिंग का नाही?

बुटीबोरीच्या चौकात उभं राहून कुणालाही विचारा, "भाऊ, बार कुठं आहे?" लगेच हात वर होतो. वर "कोणता पाहिजे?" असं तोच आपल्याला विचारतो. आता तिथंच विचारून बघा, "दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठं भरते?"

मी विचारलंय. माझ्या मोठ्या बाबांसाठी. ते एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. एका रात्री सेकंड शिफ्ट करून आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "सोडायची आहे बेटा, पण जाऊ कुठं?" मास कॉमची डिग्री, हातात स्मार्टफोन, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यात आठ दिवस गेले. पिणाऱ्याचा निश्चय आठ दिवस थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून तुम्हाला एकच सांगायचंय: मीटिंगचा पत्ता गरज पडण्याआधी माहीत हवा.

व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला पुण्याचं मुक्तांगण आठवतं. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. पण केंद्रात काही आठवडे राहावं लागतं. रोजंदारीच्या माणसाला ते दरवेळी जमत नाही, आणि केंद्रातून परत आल्यावर गाव तेच असतं, मित्रही तेच. तिथं 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ची, म्हणजे एएची मीटिंग कामी येते. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. लोक गोल बसतात, आपापलं सांगतात आणि फक्त आजचा दिवस न पिण्याचं ठरवतात.

मग ही मीटिंग दिसत का नाही? कारण एए स्वतःची जाहिरात करत नाही. सदस्यांची नावं आणि फोटो पेपरात येऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा जुना नियम आहे. नियम योग्यच आहे. पण आपण त्याचा भलताच अर्थ काढला. लपवायचं आहे ते माणसाचं नाव, मीटिंगचा पत्ता नाही. ते जाहिरात करणार नसतील, तर पत्ता पुढे पोचवण्याचं काम आपलं आहे.

एएची सुरुवातही अशाच शोधातून झाली. मे १९३५. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलं होतं, दारू सुटून काही महिनेच झाले होते, आणि शेजारच्या बारमधून आवाज येत होते. तो बारकडे न जाता फोनकडे गेला. चर्चच्या यादीतले नंबर एकेक करून फिरवत राहिला. त्याला बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्यातून त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. तीच पहिली मीटिंग समजा.

आता तुम्ही काय कराल? केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन सेव्ह करा. तिथं समुपदेशन मिळतं आणि मदत कुठं मिळेल हेही सांगतात. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर शहरानुसार मीटिंग शोधता येतात. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि भाषा पक्की करा. 'ओपन' मीटिंगला तुम्हीही सोबत बसू शकता, 'क्लोज्ड' फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. शिफ्ट बदलत असेल तर दोन वेगवेगळ्या दिवसांच्या मीटिंगा लिहून ठेवा. परतीची बसही बघा. आणि जवळची मीटिंग सगळ्यांनाच सोयीची वाटते असं नाही. छोट्या गावात 'कोणी पाहिलं तर?' ही भीती खरी असते. अपडाऊन करून नागपुरात, जिथं कोणी ओळखत नाही तिथं बसणं अनेकांना सोपं जातं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. सकाळी दारू घेतली नाही तर हात थरथरतात, इतकी सवय असेल तर एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर गाठा. मेडिकल आहे, बुटीबोरीकरांसाठी वाटेवर मिहानचं एम्स आहे. आणि घरच्यांचं काय? त्यांच्यासाठी 'अल-अनॉन' नावाचे वेगळे गट असतात. आपला माणूस सोडो न सोडो, तिथं जाता येतं.

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर क्लासेसच्या जाहिरातींना जागा असते. कंपनीच्या गेटवर सुरक्षिततेच्या पाट्या असतात. तिथं एका ओळीचा पत्ता लावायला कोणाची हरकत आहे? प्राचार्यांना विचारा, एनएसएसच्या सरांना विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा.

हे मोठ्या बाबांना विचारूनच लिहितेय. ते पहिल्या मीटिंगला गेले तेव्हा मी बाहेर बसले होते. मधे एकदा घसरले, पुन्हा गेले. पुढचं सांगायचा हक्क त्यांचा. पण तुमच्या ओळखीचा कोणी एखाद्या रात्री पायरीवर बसून "जाऊ कुठं?" विचारेल, तेव्हा त्याला आठ दिवस थांबायला लावू नका.