सही नंतर, आधी क्रिएटिनिन!



सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीच्या आधी नातेवाइकाच्या हातात एक छापील फॉर्म येतो. ‘इथे सही करा’ म्हणतात आणि आपण करतो. शिरेतून जे कॉन्ट्रास्ट, म्हणजे बोलीतले ‘डाय’, टोचले जाणार आहे, त्याने किडनीला इजा होऊ शकते असे त्यावर लिहिलेले असते. अनेकदा फॉर्म इंग्रजीत असतो आणि समजावून सांगायला कोणी थांबत नाही. धोका रुग्णाकडून लिहून घ्यायचा, पण तो टाळायचा कसा हे सांगायचे नाही, याला संमती म्हणायचे का?

आधी विज्ञान समजून घेऊ. सीटी आणि अँजिओग्राफीत वापरले जाणारे हे डाय आयोडीनयुक्त असते. त्यामुळे रक्तवाहिन्या आणि अवयव स्पष्ट दिसतात. नंतर ते लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून भार किडनीवर येतो. ४८ तासांत रक्तातले क्रिएटिनिन ०.३ ने वाढले किंवा ७ दिवसांत मूळच्या दीडपट झाले, तर किडनीला तीव्र इजा झाली असे मानतात. बरेच रुग्ण यातून सावरतात. पण ज्याची किडनी आधीच थकलेली आहे, त्याच्यावर डायलिसिसची वेळ येऊ शकते. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. रोजंदारीवर जगणाऱ्या घराची चूल यात विझते.

पण भीती पसरवणे हाही अन्यायच आहे. निरोगी किडनीच्या माणसाला डायचा धोका फार कमी असतो. खरी काळजी घ्यायची ती ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्या किंवा किडनीला नुकतीच इजा झालेल्या रुग्णाची. गंभीर रुग्णाची किडनी जंतुसंसर्गाने, रक्तदाब घसरल्याने, औषधांनीही बिघडते आणि दोष एकट्या डायवर येतो. म्हणून हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मोठा अपघात असेल, तर किडनीच्या भीतीने तपासणी अडवू नये. तिथे उशीर जीव घेतो.

मग प्रतिबंध म्हणजे काय? क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. इथे एक मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. त्यामुळे हडकुळ्या, अर्धपोटी राहिलेल्या म्हातारीचा आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो आणि किडनी मात्र कमजोर असू शकते. म्हणून वय, शरीरयष्टी, मधुमेह हे सगळे पाहावे लागते. सोनोग्राफीने किंवा साध्या सीटीने काम भागेल का, हे विचारावे. अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना सांगाव्यात. ईजीएफआर ३० च्या खाली असेल, तर मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी किडनी तपासल्यावरच पुन्हा सुरू करतात. कोणतीही गोळी मनाने मात्र बंद करू नये. धोक्यातल्या रुग्णाला आधी आणि नंतर सलाईन द्यावे, डाय कमीत कमी वापरावे, दोन-तीन दिवसांत पुन्हा टोचणे शक्यतो टाळावे आणि नंतर क्रिएटिनिन पुन्हा पाहावे.

यात महागडे काय आहे? ॲसिटिलसिस्टीन आणि बायकार्बोनेट यांचा वर्षानुवर्षे गाजावाजा झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिझर्व्ह’ या सुमारे ५,००० रुग्णांच्या चाचणीत त्यांचा काहीही जादा फायदा दिसला नाही. साधे सलाईन तेवढेच उपयोगी ठरले. २०१७ च्या नेदरलँड्समधील ‘अमेसिंग’ चाचणीत तर ईजीएफआर ३० ते ५९ असलेल्यांना सलाईन न दिल्यानेही नुकसान झालेले दिसले नाही. म्हणजे सलाईनही सरसकट नको, ज्याला गरज आहे त्याला हवे. आणि गरज कोणाला आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मुद्दा इथेच आहे. हा प्रतिबंध पैशावाचून अडत नाही, तो संवादावाचून अडतो. शिकलेला, ओळखीचा रुग्ण प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. फाटक्या कपड्यातल्याला ‘सही करा’ एवढेच मिळते. सरकारी रुग्णालयात गर्दी असते, वेळ कुठला, असे म्हटले जाईल. गर्दी खरी आहे. पण ती कर्मचारी वाढवण्याचे कारण आहे, प्रश्न न विचारण्याची सबब नाही. मराठीतली चार प्रश्नांची चिठ्ठी रांगेतच भरून घेता येते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केले आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते.

म्हणून वस्तीतल्या रुग्णासोबत जाल तेव्हा विचारा: क्रिएटिनिन किती आहे? डाय लागणारच का? कोणती औषधे थांबवायची? पुन्हा तपासणी कधी? फॉर्म मराठीत मागा. उत्तरे मिळाल्यावर सही करा. डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका, पण उत्तर न घेता परतूही नका.